फळाची आस आणि द्राक्षाची बाग

द्राक्षमळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथं फक्त वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. 'जशी दृष्टी तशी सृष्टी', अनासक्ती, मनाची ताकद यावर इथं बरंच लिहिलं जातं. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. फळाची आशा सोडा असं म्हणतात तेव्हा आमच्याकडे ते फळ अक्षरशः वेलीला लटकलेलं असतं. म्हणून वाटलं, माझ्या साडेतीन एकरांवर जे झालं तेच जसंच्या तसं सांगावं.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. नाशिक जिल्ह्यात त्या दिवशी गारपीट झाली, अनेकांना आठवत असेल. आमच्या थॉम्पसन जातीच्या द्राक्षाची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) १० ऑक्टोबरची, म्हणजे सत्तेचाळिसावा दिवस. फुलोरा सुखरूप पार पडलेला, सेटिंग झालेलं (फुलांचे मणी धरलेले), मणी ज्वारीएवढे. वेलीकडे बघून उर भरून येईल अशी बाग होती. दुपारनंतर आभाळ काळं झालं आणि दहा-बारा मिनिटं गारा पडल्या. तेवढ्यात खेळ खलास. मांडवाखाली गेलो तर पानांची चाळण झालेली, काड्यांवर पांढरे फटकारे, आणि खाली गारांमध्ये मिसळलेले हिरवे मणी. ठेचलेल्या पाल्याचा वास येत होता. एरवी शेंडा खुडताना तोच वास मला आवडतो.

आता मुद्द्याची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाची बाग बांधाला बांध लागून आहे. द्राक्षाची जात तीच, छाटणी एक दिवस पुढंमागं, गारा त्याच. दादा त्या रात्री जेवला नाही. ओसरीवर बसून रडला, आम्ही सगळ्यांनी बघितलं. सकाळी सहाला मात्र तो दोन माणसं आणि कात्र्या घेऊन बागेत होता. फुटके घड काढत होता, म्हणजे कूज शेजारच्या घडाला लागायला नको. मी रडलो नाही. मी चार दिवस घरात मोबाईल घेऊन बसलो. दुसऱ्यांच्या बागांचे गारपिटीचे व्हिडिओ बघत होतो आणि हिशोब करत होतो. एकरी इतके क्विंटल, गेल्या वर्षीचा भाव इतका, म्हणजे इतके लाख गेले. पुन्हा पहिल्यापासून हिशोब, पुन्हा तीच बेरीज.

फार उशिरा माझ्या लक्षात आलं की मी ज्या बागेचा हिशोब करत होतो ती बाग कधी नव्हतीच. माझ्या डोक्यातल्या बागेत मण्यात पाणी उतरलं होतं, म्हणजे फळ पिकायला लागलं होतं, व्यापाऱ्याशी सौदा झाला होता, गाड्या भरून गेल्या होत्या, सोसायटीचं कर्ज फिटलं होतं, मुलीची फी भरून झाली होती. माझ्यासाठी गारा त्या बागेवर पडल्या. खरी बाग सत्तेचाळीस दिवसांची होती आणि तिच्यात अजून वाचवण्यासारखं पुष्कळ होतं. दादाला ती दिसत होती. मला दिसत नव्हती, कारण मी तिच्याकडे बघतच नव्हतो. चार दिवसांनी कात्री हातात घेतली तोवर जखमी घडांची कूज आतपर्यंत गेली होती. दादाचा निम्म्याच्या आसपास माल वाचला, माझा जेमतेम पाव. तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले तेव्हाही मी घरातच होतो. दोघांच्या बागांचा पंचनामा दादानंच करून घेतला.

त्यानंतर मला एक व्याधीच जडली. ढग दिसला की पोटात गोळा. दिवसातून किती वेळा हवामानाचा अंदाज बघायचो त्याला गणती नाही. रात्री पत्र्यावर नारळाची झावळी घासली तरी उठून बसायचो. बायको म्हणाली, एकदा इगतपुरीला जाऊन या. जुलै २०२४ मध्ये दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो. तिथं काय असतं ते थोडक्यात: पहाटे चारला घंटा, नववा दिवस संपेपर्यंत आर्य मौन, मोबाईल जमा, संध्याकाळी नव्या साधकाला चुरमुरे, फळ आणि चहा. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. फी नाही, शेवटी ज्याला द्यायचंय त्यानं दान द्यायचं. सत्यनारायण गोयंकांच्या आवाजातल्या सूचना. गुरुजी २०१३ साली गेले, पण शिकवण त्यांच्याच आवाजात चालते.

आणि इगतपुरीचा जुलै म्हणजे काय हे नाशिककरांना सांगायला नको.

पाचवा की सहावा दिवस असेल. तासभर हातपाय न हलवता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात. बसलो आणि पावसाची सर आली. आवाज वाढत गेला तसा बेंबीच्या वर गोळा आला, दात एकमेकांवर घट्ट बसले, तळहात ओले. उठून बाहेर बघावं असं इतकं वाटलं की मांड्या ताठ झाल्या. तेव्हा एक साधा विचार आला. जुलै चालू आहे. जुलैत वेलीवर घडच नसतो. नवी काडी यावी म्हणून एप्रिलला खरड छाटणी करतात, तिच्यानंतरची काडी पिकत असते. पानावर केवडा रोगाची धास्ती असते तेवढीच. या पावसानं माझा एक मणी पडणार नव्हता, मग पोट कशाला आवळलं होतं?

मी त्या गोळ्याकडे बघत बसलो. मुठीएवढा, उजवीकडे जरा जड, मध्येच धडधडणारा. हाकललं नाही, समजूत घातली नाही. किती वेळ गेला माहीत नाही. गोळा आधी पसरला, मग विरळ होत होत सुटला. पाऊस मात्र तसाच कोसळत होता. माझ्या आठ महिन्यांच्या दुखण्याचं कारण आभाळात आहे असं मी धरून चाललो होतो. तो समज तिथं त्या उशीवर सुटला.

चमत्कार काही झाला नाही, हे स्पष्ट लिहितो. कर्ज होतं तेवढंच आहे. पुढच्या हंगामात ढग आला की पोट आवळायचंच. फरक इतकाच की आता मला ते आवळताना कळायचं, आणि आधी बागेत जाऊन पान उलटं करून बघायचो. पानाच्या खालच्या अंगाला काही आहे का, दव किती वेळ टिकतंय, जमिनीला वाफसा (बेताची ओल) आहे का. मग फवारणीचा ब्लोअर बाहेर काढायचा की नाही ते ठरायचं. आधी अंदाजाचा मेसेज आला की फवारणी व्हायची. वहीत बघितलं तर त्या हंगामात सात फवारण्या कमी भरल्या. हवामानाचाही त्यात वाटा असेल, सगळं श्रेय मी मनाला देत नाही. पण भीतीनं मारलेलं औषध किती होतं ते मला वहीत दिसलं.

आता प्रश्न. माझी आई म्हणते, "तुला आता बागेचं काही वाटत नाही. आधी रात्र रात्र जागायचास." ते माझ्या मनाला लागलंय. जीव लावायचा आणि जीव टांगायचा नाही, या दोन्हीत रेघ कुठं ओढायची? तुमच्यापैकी कुणाला ती सापडली असेल तर सांगा.

---

भंडाऱ्याची_वाट

दादा, वाचून गप्प बसले होते मघापासून. मी देहूजवळची. आमच्याकडे तुकोबांची एक गोष्ट परंपरेनं सांगतात. दुष्काळात घर होत्याचं नव्हतं झालं, पहिली बायको गेली, व्यापार बसला. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, घरात होती. ती त्यांनी इंद्रायणीत बुडवायचं ठरवलं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं फार कमी लोक सांगतात: त्यांनी खतांचे आधी दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याच्या हातात दिला आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला.

मला ही गोष्ट नेहमी पुरते. सोडायचं ते आपलं. भावाचा संसार चालायचा होता, त्याच्या वाट्याचं वैराग्य आपण घ्यायचं नाही. तुमच्या मुलीची फी ही तिची गोष्ट आहे, ती भरायची धडपड म्हणजे आसक्ती नव्हे. आणि ज्या माणसाच्या नावावर 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' इतक्या सहज खपवतात, त्यानंच 'असाध्य ते साध्य करिता सायास' म्हटलंय. दोन्ही एका तोंडातून आलंय, एकच धरून चालत नाही.

---

काळीकसदार

धागाकर्त्यांबद्दल आदर आहे, पण मला विरोध नोंदवायचाच आहे. मी यवतमाळकडचा, कापूसवाला. आमच्या घरात माझ्या काकांना दोन वर्षं सगळे हेच सांगत होते. मन घट्ट करा. विचार करू नका. सगळं मानण्यावर असतं. काका मान हलवायचे. एका रात्री ते विहिरीवर गेले. नशीब की चुलतभाऊ जागा होता.

नंतर काय कामी आलं ते सांगतो. डॉक्टर, रोजच्या गोळ्या आणि कर्जाचं पुनर्गठन. काका आज शेतात येतात, नातवाला सायकल शिकवतात. त्या दोन वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्यांना मनाची ताकद सांगितली त्यांनी त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवलं. कापूस गेला तो गेलाच, वर मन घट्ट ठेवता आलं नाही हाही त्यांचाच गुन्हा. म्हणून 'मनानं वास्तव घडतं' हे वाक्य ऐकलं की मी आजही उठून जातो. बोंडअळी मनानं येत नाही आणि भाव मनानं पडत नाही.

---

द्राक्षमळा

काळीकसदार, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. काका सावरले हे वाचून खूप बरं वाटलं.

तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, आणि माझ्या लिहिण्यातून उलटा अर्थ निघत असेल तर ती माझी चूक. गारा मनानं पडल्या नाहीत. माझा पाव माल आणि दादाचा निम्मा, यातला फरक मनाचा. पण दोघांचाही जो उरलेला गेला तो गारांनी नेला, तिथं मनाचं काही चाललं नाही. आणि हे मी फक्त माझ्याबद्दल बोलू शकतो. त्या चार दिवसांत मला कुणी येऊन 'अलिप्त हो' म्हटलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. दादा काही बोलला नाही. चौथ्या दिवशी त्यानं दारात एक कात्री ठेवली आणि निघून गेला.

---

फिजिओताई

मी वीस वर्षं लोकांचे गुडघे, मणके, खांदे बघतेय, त्यामुळे वेदनेबद्दल लिहिते.

वैद्यकात एक नोंदलेली गोष्ट आहे, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९९५ साली छापून आलेली. एक २९ वर्षांचा बांधकाम कामगार उडी मारताना १५ सेंटिमीटरच्या खिळ्यावर पडला. खिळा बुटातून आरपार. जरा हलला तरी असह्य कळ, इतकी की गुंगीची औषधं द्यावी लागली. बूट काढला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडाही नाही. ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, म्हणजे नाटक होतं. अजिबात नाही. त्याची वेदना खरी होती. मेंदू डोळ्यांना जे दिसतं त्यावरून धोक्याचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाची वेदना होते.

द्राक्षमळा, तुमच्या पोटातला जुलैचा गोळा याच जातीचा. तो खोटा नव्हता. तो नोव्हेंबरच्या अंदाजावर चालत होता.

दुसरं एक काम मला फार मोलाचं वाटतं. हार्वर्डच्या टेड काप्चुक यांचा २०१० मध्ये छापून आलेला, पोटाच्या जुनाट तक्रारीच्या ८० रुग्णांवर केलेला प्रयोग. जवळपास निम्म्यांना औषधाचा अंश नसलेल्या गोळ्या दिल्या आणि तसं स्पष्ट सांगूनच दिल्या. तरी तीन आठवड्यांनी त्या रुग्णांना गोळ्या न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. यावरून कुणी मनानं कॅन्सर बरा करायला निघू नये. त्रास कमी जाणवणं वेगळं आणि गाठ कमी होणं वेगळं. माझ्याकडे हा फरक न समजल्यामुळे उशिरा आलेले रुग्ण मी बघितलेत आणि ते आठवलं की अजून जीव कळवळतो.

काळीकसदारांच्या मुद्द्याला जोडून: ज्याला गंभीर मानसिक आजार आहे त्यानं दहा दिवसांच्या शिबिराला थेट जाऊ नये. अर्जात ते विचारतात, तिथं लपवू नका. आधी डॉक्टर.

---

पाचवा_प्रयत्न

मी पुण्यात राज्यसेवेची तयारी करतो. नावावरून कळलं असेल. मला एकच सांगायचंय. चौथ्या वेळी मी पक्कं ठरवलं होतं की निकालाची आस धरायची नाही. पेठेतल्या अभ्यासिकेत टेबलावर चिठ्ठी चिकटवली होती: 'मा फलेषु'. कारण मला कुणीतरी सांगितलं होतं की आस सोडली की यश आपसूक येतं. म्हणजे मी यश यावं म्हणून आस सोडत होतो. पूर्व परीक्षेत थोडक्यात गेलो तेव्हा दुप्पट राग आला, कारण इतकी आस सोडूनसुद्धा मिळालं नाही!

आता चिठ्ठी काढलीय. पास व्हायचंय, मनापासून व्हायचंय, हे स्वतःशी कबूल करतो आणि अर्थशास्त्राचं पान उघडतो. त्यानं जरा हलकं वाटतं. हे चूक आहे का बरोबर, मोठ्यांनी सांगावं.

---

पांझराकाठ

बाळ, बरोबर आहे. मी निवृत्त शिक्षक, धुळ्याचा. आमच्या गावच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यातलं एक सूत्र मी आयुष्यभर वर्गात सांगत आलो. ज्याचं लक्ष फळावर असतं त्याची बरीच शक्ती फळाच्या चिंतनातच खर्च होते, कामाला उरते ती उरलेली. ज्यानं फळ मनातून काढलं त्याची सगळी शक्ती कामाला लागते, म्हणून त्याचं काम जास्त चांगलं व्हायला हवं. द्राक्षमळा यांनी चार दिवस बेरजा केल्या आणि थोरल्यांनी घड कापले, हे त्याचं इतकं चपखल उदाहरण मला चाळीस वर्षांत मिळालं नव्हतं.

आणि त्या श्लोकाचा चौथा चरण लोक विसरतात: 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि'. काही न करण्यातही गुंतू नकोस. घरात बसून मोबाईल बघणं हीसुद्धा आसक्तीच असते. तुझ्या चिठ्ठीवर अर्धा श्लोकसुद्धा नव्हता, दोनच शब्द होते.

---

उंबरठा

आईच्या प्रश्नावर लिहिते, कारण तो प्रश्न मी स्वतःला रोज विचारायचे.

माझ्या सासूबाईंना विसरभोळेपणाचा आजार आहे, सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी त्यांना दुरुस्त करत होते. "अहो आई, मी सुमनताई नाही, मी तुमची सून." दिवसातून पंधरा वेळा. त्या भेदरायच्या, मी चिडायचे, रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे. मला माझी जुनी सासू परत हवी होती. ज्या मला पुरणाची कणीक मळायला शिकवायच्या, भांडायच्यासुद्धा, त्या.

कधीतरी मी दुरुस्त करणं सोडलं. त्या म्हणाल्या, "सुमन, परकर वाळले का गं?" मी म्हटलं, "वाळले, घडी घालायच्यात." दोघींनी मिळून घड्या घातल्या. अर्धा तास. त्या गुणगुणत होत्या. सहा वर्षांतली माझी सर्वात चांगली दुपार. नणंद बघत होती, तिला वाटलं मी कोरडी झालेय. पण मी त्या दुपारइतकी त्यांच्याजवळ आधी कधीच नव्हते. आधी मी त्यांच्याजवळ बसून दुसऱ्याच बाईची वाट बघत होते.

---

द्राक्षमळा

उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. ती उठून आत गेली, थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, आईंना बागेत ने.

काल नेलं. आईचे गुडघे दुखतात, दोन वर्षं ती मांडवाखाली आली नव्हती. गोडी छाटणी नुकतीच झालीय, त्यामुळे मांडव उघडा, वर नुसत्या काड्या. काड्यांवरचे डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावायचं काम चालू होतं. मी तिला स्टुलावर बसवलं. ती एका ओलांड्यावरून, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरून, हात फिरवत होती. गारपिटीच्या वेळच्या जखमा तिथं अजून आहेत, साल फाटून मग भरून आलेली, गाठीसारखी लागते हाताला. तिनं विचारलं, "हिला तेव्हा लागलं होतं?" मी हो म्हटलं. मग ती काड्यांवरचे डोळे मोजायला लागली, लहानपणी आम्हाला मोजायला लावायची तसे. मीही तिच्याबरोबर मोजले. एका काडीवर सहा, एकीवर सात.

तेवढ्यात पश्चिमेला आभाळ भरून आलं. मी वर बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं. पोट आवळलं होतं, ते मी तिला सांगितलं. आजपर्यंत कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "माझंपण." आणि पुढची काडी हातात घेतली.

पाचवा_प्रयत्न, पूर्वपरीक्षा झाली की इकडे ये, बाग दाखवतो. काळीकसदार, काकांना माझा नमस्कार सांगा. लाइट आत्ता आली, मोटार चालू करायला जातो. बाकीच्या प्रतिसादांना रात्री उत्तरं देतो.